सिम्युलेटर वाचवायचा म्हणून: ७३७ मॅक्सच्या आराखड्यामागचा व्यवहार

उत्तररात्र (धागाकर्ता)

बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांविषयी त्या काळात मराठी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले, पण बहुतेक ठिकाणी ‘सॉफ्टवेअरमध्ये दोष होता’ या एका वाक्यावर विषय आटोपला. ते वाक्य मला कधीच पटले नाही. त्या सॉफ्टवेअरने नेमून दिलेले काम चोख बजावले. असे काम त्याला नेमून देण्याची वेळ का आली हे शोधू लागले, की अभियांत्रिकीचा रस्ता सुटतो आणि आपण विक्री विभागाच्या दारात जाऊन उभे राहतो. अहमदाबादच्या २०२५ मधील अपघाताची चर्चा कृपया इथे आणू नये. तो विषय वेगळा आहे.

७३७ चे पहिले उड्डाण एप्रिल १९६७ मधले. त्या काळी लहान विमानतळांवर शिड्या आणि सामान चढवण्याचे पट्टे नसत, म्हणून हे विमान मुद्दाम जमिनीलगत ठेवले गेले. सामान चढवणाऱ्याने जमिनीवर उभे राहूनच पेट्या आत सरकवाव्यात आणि प्रवाशांनी विमानातूनच बाहेर येणाऱ्या शिडीने उतरावे, अशी ती सोय होती. इंजिनेही तेव्हा लांबट आणि बारीक असत, त्यामुळे ती पंखाखाली सहज चिकटून बसत. पुढे इंजिनांचा व्यास वाढत गेला, कारण समोरचा पंखा मोठा असला की तेवढ्याच कामाला इंधन कमी लागते. विमानाची उंची मात्र जवळजवळ तीच राहिली. १९८० च्या दशकातील ७३७ समोरून पाहिले तर इंजिनाचे तोंड गोल नसून खालून चपटे दिसते, ते याच अडचणीमुळे.

डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने ए३२० ची नव्या इंजिनांची आवृत्ती, म्हणजे निओ, जाहीर केली. ए३२० चे पाय मुळातच उंच, त्यामुळे मोठे इंजिन तिथे फारशी ओढाताण न करता बसले. पुढच्याच महिन्यात आपल्याकडच्या इंडिगोने १८० विमानांची मागणी जाहीर केली, त्यांतली १५० निओ होती. बोइंग तोवर संपूर्ण नवे विमान बनवावे की काय, या विचारात होती. मग जुलै २०११ मध्ये बोइंगची एकनिष्ठ गिऱ्हाईक समजल्या जाणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सने एअरबसकडे २६० विमानांची मागणी नोंदवली. बोइंगच्या वाट्याला २०० विमाने आली, आणि त्यांतली १०० तर अशा आवृत्तीची होती, जिला बोइंगच्या संचालक मंडळाने तोवर मंजुरीही दिलेली नव्हती. ती मंजुरी ऑगस्टअखेर मिळाली. गिऱ्हाईक आधी आणि आराखडा मागाहून, असा हा क्रम आहे.

जुन्या ७३७ च्या इंजिनाचा पंखा ६१ इंची होता आणि मॅक्ससाठी तो सुमारे ६९ इंची घेतला गेला. तेवढाही पंखाखाली मावेना, म्हणून पुढचे चाक आठ इंचांनी उंच केले आणि इंजिन पुढे व वर सरकवले. त्याचा परिणाम असा झाला, की विमानाचे नाक फार वर उचलले गेल्यावर इंजिनांची आवरणेच थोडी उचल देऊ लागली आणि वैमानिकाच्या हातातील दांडा नियमाप्रमाणे जड व्हायला हवा तसा होईना. त्यावर उपाय म्हणून एमकॅस ही प्रणाली आली. अशा स्थितीत तिने शेपटीचा आडवा पंख आपोआप हलवून नाक खाली आणायचे होते. आरंभी तिला एका वेळी ०.६ अंशाची मुभा होती. चाचण्यांनंतर ती २.५ अंशांवर गेली आणि कमी वेगातही लागू झाली. नाकाच्या दोन्ही बाजूंना हवेचा कोन मोजणारा एकेक सेन्सर असताना एमकॅस मात्र एका वेळी एकाच सेन्सरचे ऐके.

आता व्यवहाराकडे येतो. साउथवेस्ट ही अमेरिकी विमानकंपनी केवळ ७३७ उडवते. तिच्या करारात अशी अट होती, की मॅक्ससाठी वैमानिकांना सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, बसवावे लागले तर बोइंगने प्रत्येक विमानामागे दहा लाख डॉलरची सूट द्यावी. जुन्या ७३७ चा वैमानिक टॅब्लेटवर एक छोटा पाठ पाहून मॅक्समध्ये बसू शकेल, हे बोइंगने बाजारात दिलेले वचन होते. म्हणून मॅक्समध्ये जे काही नवे असेल ते ‘नवे’ दिसता कामा नये, हीच आराखड्याची एक अट होऊन बसली. एमकॅसचे वर्णन वैमानिकांच्या पुस्तिकेतून वगळले गेले ते याच ओघात.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी सकाळी जकार्ताहून लायन एअरचे विमान उडाले. त्याचा डावा सेन्सर सुमारे २१ अंशांनी चुकीचे सांगत होता. ७३७ च्या कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिकांच्या गुडघ्यांजवळ ट्रिमची, म्हणजे शेपटीचा तो आडवा पंख हलवणारी, काळी चाके असतात, त्यांवर पांढरा पट्टा असतो आणि ती फिरताना खडखडतात. एमकॅस सुमारे नऊ सेकंद चाक फिरवून नाक खाली आणी, मुख्य वैमानिक अंगठ्याने स्विच दाबून ते उलटे फिरवी, मग पाच सेकंद चाक थांबे आणि पुन्हा तेच सुरू होई. विमान कोसळण्याच्या बेतात असल्याचा इशारा देण्यासाठी हातातला दांडाही सारखा थरथरत होता, तोही त्याच चुकीच्या सेन्सरवर विसंबून. असे वीसहून अधिक वेळा झाले. ते मुख्य वैमानिक भव्य सुनेजा हे दिल्लीचे. आपण नेमके कशाशी झुंजतो आहोत हे सांगणारा एक शब्दही त्यांच्या पुस्तिकेत नव्हता. उड्डाणानंतर साधारण बाराव्या मिनिटाला विमान जावा समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे गेली. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सचे विमान अदिस अबाबाहून निघाल्यावर सहा मिनिटांत पडले आणि त्यात १५७ जण गेले. त्या वैमानिकांना एमकॅसची माहिती होती आणि त्यांनी ट्रिमचा विद्युतपुरवठा तोडलाही. पण त्या वेगात हाताने चाक फिरेना.

जाणकारांनी भर घालावी आणि चुकले असेल तिथे दुरुस्त करावे.

हँगरवासी

उत्तररात्र, मांडणी नेटकी आहे. मी मुंबईत एका विमानकंपनीच्या हँगरमध्ये २६ वर्षे काम करून निवृत्त झालो. कंपनीचे नाव इथे महत्त्वाचे नाही. बाहेरच्या माणसाला वाटते की दबाव म्हणजे कुणीतरी वरिष्ठ येऊन ‘कर सही’ म्हणून दरडावतो. माझ्या एवढ्या वर्षांत तसे एकदाही झाले नाही. पहाटे तीनला एखादा स्नॅग, म्हणजे बिघाड, सापडतो आणि विमान पाचला निघायचे असते. ऑपरेशन्समधून फोन येतो आणि समोरचा मुलगा अतिशय नम्रपणे विचारतो, “साहेब, साधारण किती वेळ लागेल?” वीस मिनिटांनी तोच फोन पुन्हा येतो. तेवढ्यात तुम्ही स्वतःच एमईएल, म्हणजे कोणते बिघाड असताना विमान सोडता येते त्याची यादी, उघडून, हा बिघाड तसाच ठेवून विमान नियमाने सोडता येते का, ते पाहू लागलेले असता. बहुतेक वेळा येते, आणि ते योग्यही असते. एका रात्री माझ्याच सहकाऱ्याने तसे सोडलेले विमान मी सकाळी परत हँगरमध्ये आलेले पाहिले. कुणाला काही झाले नाही, पण टेक लॉगमधली (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीतली) त्याची सही पाहताना मला त्या फोनवरचा आवाज आठवला.

आराखड्याच्या बाबतीत हेच फक्त मोठ्या प्रमाणावर होते. दोन सेन्सर असताना एकच का वापरला, याचे मला पटलेले उत्तर असे आहे. दोन सेन्सरांची तुलना करायची म्हटले की त्यांचे जुळत नाही तेव्हा वैमानिकाला ते सांगावे लागते. सांगायचे म्हणजे इशारा हवा, इशारा आला की त्यावर काय करायचे हे शिकवावे लागते, आणि शिकवणे आले की सिम्युलेटरचा प्रश्न उभा राहतो. हे असेच कुठे लिहिलेले सापडेल असा माझा दावा नाही, ही माझी समजूत आहे. पण ७८७ मध्ये वेगाची स्वतंत्र पडताळणी करणारी जी व्यवस्था आहे, ती मॅक्समध्ये घेण्याचा प्रस्ताव खर्च आणि प्रशिक्षणावरचा परिणाम या कारणांनी नाकारला गेला, अशी तक्रार बोइंगमधल्याच एका अभियंत्याने नोंदवली होती. शिवाय दोन सेन्सर जुळत नसल्याचा इशारा सर्व मॅक्स विमानांत असणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात, ज्या कंपन्यांनी त्या कोनाचा दर्शक वेगळे पैसे मोजून घेतला होता त्यांच्याच विमानांत तो इशारा चाले. हे बोइंगला २०१७ मध्ये कळले होते.

उलटतपासणी

दोघांचेही लेखन वाचले, पण गोष्ट फार सरळ करून सांगितली जाते आहे असे वाटते. नव्या विमानात वैमानिकाला कमीत कमी नवे शिकावे लागावे, ही मागणी केवळ पैशाची नाही. सवयीचा हात संकटात बरोबर जागी जातो, हा सुरक्षेचाच मुद्दा आहे. बोइंगने ७५७ आणि ७६७ ही दोन वेगळ्या आकारांची विमाने एकाच परवान्यावर उडवता येतील अशी बनवली, तेव्हा सगळ्यांनी कौतुकच केले. एअरबसचे ए३१८ पासून ए३२१ पर्यंतचे कुटुंब याच तत्त्वावर उभे आहे. दुसरे असे, की लायन एअरच्या त्याच विमानात आदल्या रात्री देनपसारहून येताना हाच बिघाड झाला होता आणि कॉकपिटमध्ये जादा बसलेल्या तिसऱ्या वैमानिकाच्या सूचनेवरून ट्रिमचे स्विच बंद करून विमान सुखरूप उतरले. मग देखभाल आणि वैमानिक यांच्याकडे बोट दाखवायचेच नाही का? स्पर्धा नसती तर आज पुणे-दिल्ली प्रवास किती जणांना परवडला असता, तेही लक्षात घ्यावे.

उत्तररात्र (धागाकर्ता)

उलटतपासणी, ७५७ आणि ७६७ चे उदाहरण तुम्ही दिलेत हे बरे झाले, कारण माझा मुद्दा त्यानेच स्पष्ट होतो. ती दोन्ही विमाने एकाच सुमारास कोऱ्या कागदावर आखली गेली आणि त्यांच्या कॉकपिटचा विचार सुरुवातीपासून एकत्र झाला. तिथे साम्य आराखड्यातून आले. मॅक्समध्ये साम्याचे वचन आधी विकले गेले आणि १९६७ च्या सांगाड्यावर बसवलेल्या नव्या इंजिनांनी जो फरक पाडला, तो त्या वचनाला बाधा येऊ नये म्हणून झाकला गेला. कायद्याच्या दृष्टीनेही मॅक्स हे नवे विमान नव्हतेच. मूळ ७३७ च्याच प्रमाणपत्रात सुधारणा करून त्याला मान्यता मिळाली.

लायन एअरच्या देखभालीत चुका झाल्या आणि इंडोनेशियाच्या चौकशी अहवालात त्या नोंदल्या आहेत, हे मान्य. पण आदल्या रात्रीचे विमान वाचले ते तिसरा माणूस योगायोगाने तिथे बसला होता म्हणून. दोन माणसांनी उडवायच्या विमानाचा बचाव तिसऱ्या माणसावर अवलंबून असेल, तर त्याला वैमानिकाचे कौशल्य म्हणून सोडून देता येणार नाही.

पोटमाळा

या चर्चेत डीसी-१० या जुन्या विमानाची आठवण निघायला हवी. मॅक्सच्या दोन अपघातांतील मृतांची बेरीज ३४६ होते, आणि ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ एरमेनोंव्हिलच्या जंगलात पडलेल्या टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० मध्येही नेमकी ३४६ माणसे होती. आकडा जुळला हा योगायोग आहे; मागची हकीकत मात्र तशी नाही.

मॅकडोनेल डग्लसचे डीसी-१० आणि लॉकहीडचे ट्रायस्टार एकाच गिऱ्हाइकांसाठी झुंजत होते आणि १९७० मध्ये तीन महिन्यांच्याही कमी अंतराने दोन्ही पहिल्यांदा उडाली. डीसी-१० च्या मालकप्प्याचे दार बाहेर उघडणारे होते. बहुतेक दारे आतून बुचासारखी बसतात आणि हवेचा दाब त्यांना उलट घट्ट करतो. इथे दाब दार बाहेर ढकलत असे आणि सगळी भिस्त कड्यांवर असे. त्या कड्या आरंभी हायड्रॉलिक असणार होत्या, पण वजन आणि देखभाल वाचावी म्हणून एका ग्राहक कंपनीच्या आग्रहावरून विजेच्या मोटरवर चालणाऱ्या घेतल्या. हायड्रॉलिक कडी नीट बसली नसती तर थोड्या दाबालाच सरकून दार लवकर, म्हणजे कमी उंचीवर, उघडले असते. विजेची कडी अर्धवट बसली तरी दाब पुरता वाढेपर्यंत धरून ठेवते आणि मग एकदम सुटते.

१२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसर शहरावर हेच घडले. दार उडाले, केबिनची मागची फरशी खचली आणि तिच्याखालून जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा अडकल्या. विमानातील ६७ जण वाचले ते मुख्य वैमानिक ब्राइस मॅकॉर्मिक यांच्यामुळे. इंजिनांची ताकद कमी-जास्त करून विमान वळवण्याचा सराव त्यांनी आधी सिम्युलेटरवर हौसेने करून ठेवला होता. हँगरवासी आणि उत्तररात्र, तुमच्या सिम्युलेटरच्या हिशेबात ही नोंद जरूर धरा.

त्यानंतर पंधराच दिवसांनी, विमानाचा सांगाडा बनवणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीतील डॅन ॲपलगेट या अभियंत्याने वरिष्ठांना लेखी कळवले, की येत्या वीस वर्षांत अशी दारे उघडणार आणि त्यात विमान गमावले जाणार. टिपण चुकीचे आहे असे कुणी म्हटले नाही. आपण हा विषय काढला तर दुरुस्तीचा खर्च आपल्या गळ्यात पडेल, या हिशेबाने ते पुढे गेलेच नाही. तिकडे एफएए या अमेरिकी विमान नियामक संस्थेचे प्रमुख आणि डग्लसचे प्रमुख यांच्यात फोनवर सभ्य गृहस्थांमधला समझोता झाला आणि सक्तीच्या आदेशाऐवजी कंपनीच्या साध्या सूचनापत्रावर भागवण्यात आले. पॅरिसला पडलेल्या विमानाच्या कागदपत्रांत दाराच्या कडीला आधार देणारी पट्टी बसवल्याची नोंद होती. पट्टी प्रत्यक्षात बसवलेलीच नव्हती. ऑर्ली विमानतळावर ते दार ज्या कामगाराने लावले त्याला तीन भाषा वाचता येत होत्या, पण दारावरची सूचना इंग्रजी आणि तुर्कीत होती, आणि त्या दोन्ही भाषा त्याला येत नव्हत्या. सुरुवातीला काही काळ दोष त्याच्यावर ढकलण्याचा प्रयत्न झाला.

लायन एअरच्या अपघातानंतर एफएएनेच केलेल्या अंतर्गत गणितात असे आले होते, की दुरुस्ती झाली नाही तर मॅक्सच्या ताफ्याच्या आयुष्यात आणखी सुमारे १५ अपघात होऊ शकतात. ते गणित हाती असताना विमान उडत राहिले. ॲपलगेटचे टिपण निदान एका कंपनीच्या कपाटात होते. हे खुद्द नियामकाच्या टेबलावर होते.

कोकणकडा

सगळा रोख बोइंगवर आहे, म्हणून एक जोड देतो. समोरची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. ए३२० निओसाठीची प्रॅट अँड व्हिटनीची नवी इंजिने बाजारात आली तेव्हापासून त्रास देत होती आणि मार्च २०१८ मध्ये आपल्या डीजीसीए या नियामकाने इंडिगो व गोएअरची मिळून ११ विमाने एकदम जमिनीवर आणली. मुंबईच्या गोएअरचे पुढे गो फर्स्ट झाले आणि मे २०२३ मध्ये कंपनी बंद पडली, तेव्हा तिने सगळा दोष याच इंजिनांवर ठेवला. इंधन वाचवण्याच्या शर्यतीत इंजिन पुरते मुरण्याआधी विकले गेले, असे माझे मत आहे. फरक एवढाच, की इंजिन बंद पडले तर वैमानिकाला ते लगेच कळते आणि त्यावर काय करायचे हे त्याने शेकडो वेळा केलेले असते.

सायली_ब

मी या विषयातली नाही, पण धागा सुरुवातीपासून वाचते आहे. माझे कामानिमित्त पुणे-बंगळूर येणे-जाणे असते आणि अनेकदा अकासाचे विमान मिळते, जे मॅक्सच असते. हँगरवासी काका, तुम्ही त्यात बसाल का?

हँगरवासी

सायलीताई, बसतो, गेल्या दिवाळीत नातवाला घेऊन बसलो होतो. भारतात या विमानाला ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली तोवर त्यात नेमके काय बदलले, ते सांगतो. एमकॅस आता दोन्ही सेन्सर पाहते आणि त्यांचे जुळले नाही तर गप्प बसते. ती एका प्रसंगी एकदाच चालते आणि वैमानिकाला दांडा ओढून तिच्यावर मात करता येईल एवढीच चालते. जुळत नसल्याचा इशारा आता सर्व विमानांत आहे. आणि ज्या सिम्युलेटरसाठी हा सगळा खटाटोप झाला, तो सक्तीचा झाला.

मला आता काळजी आराखड्यापेक्षा कारखान्याची वाटते. जानेवारी २०२४ मध्ये पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९ चे, दाराच्या जागी बसवलेले पॅनेल सुमारे १६,००० फुटांवर उडून गेले. ते धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातच लावायचे राहिले होते. शेजारच्या रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी पॅनेल उघडले गेले, आणि उघडल्याची नोंदच झाली नाही. आमच्याकडे बोल्ट काढला की त्या कामाचे नोंदकार्ड उघडायचे, आणि ते कार्ड बंद झाल्याशिवाय विमान हलत नसे. कुणाचाही फोन येवो, हे चुकत नव्हते. तिथे ते चुकले, याचा अर्थ महिन्याला किती विमाने बाहेर पडतात हा आकडा त्या कार्डापेक्षा मोठा झाला होता. एफएएने त्यानंतर उत्पादनावर महिन्याला ३८ ची मर्यादा घातली, तो उपाय मला नेमका वाटला.

उलटतपासणी

हँगरवासी साहेब, हे पटले. तरीही, एवढे सगळे झाल्यावर कायदा बदललाच ना? मग आता धडा घेतला गेला असे म्हणायला काय हरकत आहे?

उत्तररात्र (धागाकर्ता)

कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला. त्यात असे होते, की दोन वर्षांनंतर प्रमाणपत्र मिळणाऱ्या विमानात वैमानिकांना इशाऱ्यांचा अग्रक्रम लावून दाखवणारी आधुनिक व्यवस्था असलीच पाहिजे. ती मॅक्समध्ये नाही. मुदत संपत आली तेव्हा मॅक्सच्या ७ आणि १० या दोन आवृत्त्यांना प्रमाणपत्र मिळालेले नव्हते, म्हणून बोइंगने सवलत मागितली आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ती दिली. बोइंगचा युक्तिवाद असा होता, की वैमानिक या कुटुंबातील एका विमानातून दुसऱ्यात जात असतात, तेव्हा सगळ्यांचे कॉकपिट सारखे असणेच सुरक्षित. म्हणजे तुमचा पहिल्या प्रतिसादातला मुद्दा.

सवलतीच्या बदल्यात काही सुधारणा जुन्या मॅक्स विमानांतही बसवण्याचे बंधन आले. त्यांतली एक अशी, की सेन्सर चुकीचा आहे हे वैमानिकाला कळले तर हातातल्या दांड्याची ती थरथर त्याला बंद करता यावी.